जुन्या चामड्यात मुरलेलं तेल: पुन्हा लावावं की काढावं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. गोव्यातल्या डिचोलीच्या घरात आजोबांची १९५० च्या सुमाराची चामड्याची बॅग माळ्यावर होती. आजी दर पावसाळ्याआधी तिला हाताला लागेल ते चोळायची, कधी तूप, कधी कॉड लिव्हर तेल. यंदा चवथीच्या साफसफाईत बॅग खाली काढली तेव्हा अंगावर पांढरी पूड दिसली, पितळी बकलांभोवती हिरवा मेणचट थर होता, खांद्याचा पट्टा चिकटत होता आणि उघडल्यावर आंबूस वास आला. मामा खोबरेल लावा म्हणतात, शेजारचे काका कॉड लिव्हरच पुढे चालू ठेवा म्हणतात आणि व्हिडिओंमध्ये नीट्सफूट ऑइलची, म्हणजे गुरांच्या पायांच्या हाडांतल्या तेलाची, शिफारस आहे. सोबत एक जुनं घुमट (मातीच्या भांड्यावर कातडं चढवलेलं गोव्याचं वाद्य) आणि शिंगाच्या मुठीची काठी आहे. यातलं कोणतं तेल लावू, असं तुम्ही विचारलंत.

आज कोणतंच लावू नका. आजीनं लावलेलं तेल आता तेल राहिलेलं नाही. त्याचं सत्तर वर्षांत काहीतरी वेगळं झालं आहे, आणि ते काय झालं हे कळल्याशिवाय वर नवा थर देणं म्हणजे जुन्या दुखण्यावर पांघरूण घालणं. त्या जुन्या तेलाचा काही भाग आजही चामडं धरून आहे, काही भाग त्याला आतून खातो आहे. दुसरा भाग काढायचा आणि पहिल्याला हात लावायचा नाही, एवढंच खरं काम. त्यासाठी तेल वस्तूत कसं म्हातारं होतं हे समजून घ्यावं लागेल, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कोणतंही तेल, तूप किंवा चरबी म्हणजे ग्लिसरिनला बांधलेली तीन स्निग्ध आम्लं. ही मोळी दोन तऱ्हांनी बिघडते. पहिल्या तऱ्हेत ओलावा तिची गाठ सोडवतो आणि आम्लं मोकळी होतात. नुसत्या दमट हवेत हे सावकाश घडतं. पण बुरशी आली की वेग वाढतो, कारण बुरशी चरबी तोडणारं विकर स्वतःच सोडते. दुसऱ्या तऱ्हेत हवेतला ऑक्सिजन आम्लांच्या साखळीतल्या दुहेरी बंधांजवळ बसतो. त्यातून आधी पेरॉक्साइड होतात, मग त्यांचे तुकडे पडून अल्डिहाइड नावाची वासाची रसायनं होतात, आणि उरलेल्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जाऊन आधी चिकट, मग कडक थर बनतो. जवसाचं तेल रंगात सुकतं ते याच मार्गानं.

कोणतं तेल कोणत्या वाटेनं जाईल हे त्यातल्या दुहेरी बंधांवर ठरतं. हे मोजण्याचं जुनं माप म्हणजे आयोडीन मूल्य: आकडा जितका मोठा, तितके दुहेरी बंध जास्त. खोबरेलाचं ते ६ ते ११ असतं, तुपाचं ३० च्या आसपास, गुरांच्या चरबीचं ४० च्या आसपास, नीट्सफूटचं साधारण ७०. कॉड लिव्हर आणि तारल्यांचं तेल मात्र दीडशेच्या वर जातं. १३० च्या पुढचं तेल हवेत सुकतं असा ढोबळ नियम आहे. तारल्यांचं तेल होड्यांच्या लाकडाला लावत ते यासाठीच: माशाच्या तेलातल्या काही आम्लांत पाच-सहा दुहेरी बंध असतात, ती हवेत घट्ट होतात आणि लाकडावर पाणी अडवणारी साय धरतात. तूप शंभर वर्षं उघडं ठेवलंत तरी अशी साय धरणार नाही. ते फक्त खवट होईल आणि बुरशीला खाऊ घालेल.

आता चामड्याकडे वळू, कारण इथेच बहुतेकांची गफलत होते. १९५० च्या सुमाराची अशी बॅग बहुधा झाडांच्या सालींवर कमावलेल्या चामड्याची असते. पट्ट्याची कापलेली कड भिंगातून पाहा. आरपार तपकिरी दिसली तर साल-कमावणी, मधली रेघ निळसर-करडी दिसली तर क्रोम, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं. साल-कमावणीचं चामडं कारखान्यातून निघायच्या आधीच त्यात चरबी मुरवलेली असे, आणि ती बहुतेक वेळा गुरांची चरबी व कॉडचं तेल यांचं मिश्रण असे. म्हणजे आजीच्या हाताच्या कितीतरी आधी तुमच्या बॅगेत दोन्ही प्रकारची प्राणिज तेलं असण्याची शक्यता मोठी आहे.

त्यातल्या माशाच्या तेलाचं पुढे काय झालं, हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. माशाचं तेल ऑक्सिजन घेतं तेव्हा तयार होणारी अल्डिहाइड कातड्याच्या तंतूंना बांधून ठेवतात. गाडीच्या काचा पुसायचं खरं शॅमॉय चामडं असंच बनतं. मेंढीच्या कातड्यात कॉडचं तेल कुटून घालतात, हवेत उबवतात, आणि तेलाचा बिघाड हीच त्या कातड्याची कमावणी ठरते. तेव्हा ऑक्सिजननं तेल बदललं म्हणजे नुकसानच झालं, असं धरू नका. तंतूंच्या आत, कमी प्रमाणात, पहिल्या काही महिन्यांत हा बदल झाला तर चामडं टिकाऊ होतं. पृष्ठभागावर, जास्त प्रमाणात, पुन्हा पुन्हा झाला तर चिकटा होतो आणि मग तडे जातात. तुमच्या पट्ट्याचा चिकटपणा बहुधा या दुसऱ्या प्रकारातला आहे, दरवर्षीच्या कॉड लिव्हरच्या हातांचा. काकांचा सल्ला म्हणूनच चालणार नाही. हल्लीच्या कॅप्सूलमधल्या तेलात ई जीवनसत्त्व मिसळलेलं असतं, त्यामुळे बिघाड थोडा लांबतो, पण टळत नाही.

वासावरूनही बरंच कळतं. तुपात ब्युटिरिक आम्ल असतं, ते सुटलं की ओकारीसारखा आंबट वास येतो. माशाच्या तेलाचा जुना वास रंगाच्या डब्यासारखा, तळाशी मासळीची छटा असलेला. जुन्या खोबरेलाला साबणासारखा वास येतो. चरबीचा वास मेणबत्तीच्या वातीसारखा, जड. तुम्ही 'आंबूस' लिहिलंत, म्हणून मला आतल्या भागात तुपाचा संशय आहे. बॅगेचा वेगवेगळा भाग नाकाजवळ धरून पाहा. पट्टा आणि आतली बाजू यांचा वास वेगळा निघण्याची शक्यता आहे.

आता पांढरी पूड. गोव्यात ती तीन गोष्टींपैकी एक असते: बुरशी, चरबीचा फुलोरा किंवा मीठ. फुलोरा म्हणजे मोकळी झालेली स्टिअरिक आणि पामिटिक आम्लं. सुटी आम्लं पृष्ठभागावर येतात आणि तिथे स्फटिक होतात. मीठ कधी मूळ कातड्याच्या मिठवणीतून येतं, कधी खाऱ्या हवेतून, कधी हाताच्या घामातून. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून ओळख आधी.

हेअर ड्रायरची गरम हवा सोडून पाहा, पूड वितळली तर चरबी, असं जागोजागी सांगितलेलं आढळेल. ते करू नका. नवं साल-कमावणीचं चामडं ओलं असताना साधारण ७० ते ८५ अंशांना आकसतं, पण जुनं, आम्लानं खाल्लेलं चामडं त्याच्या कितीतरी खाली आकसू शकतं, आणि आकसलेलं चामडं परत येत नाही. त्याऐवजी पूड बॅगेवरून काढून तपासा. सुक्या मऊ ब्रशनं थोडी पूड काळ्या कागदावर झाडा आणि तिथून स्टीलच्या चमच्यात घ्या. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर चमचा असा धरा की पाणी आत जाणार नाही. मिनिटभरात पूड वितळून पारदर्शक थेंब झाली तर चरबी. शुद्ध स्टिअरिक आम्ल ६९ अंशांना आणि पामिटिक ६३ अंशांना वितळतं, मिश्रण त्याहून थोडं आधी. वितळली नाही तर चमचा गार होऊ द्या आणि त्यात पाण्याचा एक थेंब टाका. विरघळली तर मीठ. नाही विरघळली आणि भिंगाखाली धागे दिसले तर बुरशी. पूड जिभेवर लावून पाहायचा मोह टाळा, जुन्या चामड्यावर कीड मारायला विषारी द्रव्यं वापरलेली असू शकतात. आणि पूड किमान चार जागांवरून घ्या, कारण एकाच बॅगेवर फुलोरा आणि बुरशी दोन्ही असणं अगदी नेहमीचं आहे.

बुरशी निघाली तर प्रथम ती सुकवायची, पुसायची नाही. ओली बुरशी पुसली की तंतू चामड्यात घुसतात आणि डाग कायमचा होतो. बॅग सावलीत, पंख्याच्या आडव्या झोताजवळ दोन-तीन दिवस ठेवा. उन्हात नको, उन्हानं चरबीही वितळून वर येते. पूड कोरडी झाली की घराबाहेर, एन-९५ मास्क लावून मऊ ब्रशनं झाडा. शक्य असल्यास व्हॅक्यूमच्या नळीला जाळीचं कापड बांधून ती ब्रशजवळ धरा. चामड्यावर अल्कोहोल लावायची बहुतेक वेळा गरज नसते. आतलं अस्तर कापडी असेल तर त्यावर ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल हलक्या बोळ्यानं फिरवता येईल. फेणीनं पुसण्याचा सल्ला गोव्यात हमखास मिळतो, पण फेणीत निम्म्याहून जास्त पाणी असतं. त्यानं बुरशी मरत नाही, चामडं मात्र भिजतं आणि वर डाग पडतो.

फुलोरा निघाला तर तो आत चोळून 'जिरवू' नका. गरम करून चोळला की दिसेनासा होतो, पण आम्लं तिथेच राहतात आणि पुढच्या थंड रात्री परत वर येतात. आधी कोरड्या ब्रशनं काढा. मग कापसाच्या बोळ्याला मिनरल टर्पेंटाइन लावून, बोळा टिश्यूवर दाबून जवळजवळ कोरडा करा, आणि न घासता लोळवत न्या. प्रत्येक दोन इंचांना नवा बोळा घ्या. हे हार्डवेअरच्या दुकानात रंग पातळ करण्यासाठी मिळतं, पण नाव नीट वाचून घ्या: शेजारीच ठेवलेला 'थिनर' म्हणजे वेगळी गोष्ट, तो चामड्याचा रंग आणि झिलई उतरवतो. सुरुवात झाकणाखालच्या न दिसणाऱ्या जागेपासून करा. बोळ्यावर तपकिरी रंग आला तर थांबा आणि नुसत्या ब्रशवर भागवा. दोन-तीन महिन्यांत फुलोरा पुन्हा येईल, आधीपेक्षा कमी. तोही याच पद्धतीनं काढा. तीन-चार वेळा केल्यावर तो थांबतो, कारण वर येण्याजोगी मोकळी आम्लं संपतात. याहून खोल जाऊन सगळी चरबी काढायच्या फंदात पडू नका. तंतूंना बांधली गेलेली जुनी चरबी हा आता चामड्याचाच भाग आहे.

पट्ट्याचा चिकटा वेगळ्या तऱ्हेनं हाताळायचा. त्यात अजून न सुकलेलं तेल असेल तर ते शोषून घेता येतं: पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना पांढरा टीपकागद लावा, वर पुठ्ठा आणि साधारण एक-दोन किलोचं सपाट वजन ठेवा, आणि कागद रोज बदलत आठवडाभर चालू ठेवा. कागदावर डाग येणं थांबलं की शोषणं संपलं. मुलतानी माती किंवा कॉर्नफ्लोअर थेट टाकू नका. माती चामड्याच्या बारीक खाचांत बसते, कॉर्नफ्लोअर झुरळांना आणि किड्यांना बोलावतं. एवढं करूनही चिकटपणा राहिला तर त्या थरातल्या साखळ्या एकमेकींना जोडल्या गेल्या आहेत. तो टर्पेंटाइननं सुटणार नाही, आणि ज्या द्रावकानं सुटेल ते चामडंही सोडवेल. पट्टा मग मांजरपाटाच्या घडीत वेगळा गुंडाळून ठेवा, म्हणजे बॅगेच्या अंगाला चिकटणार नाही. हे अपुरं वाटेल, पण इथे थांबणंच योग्य.

हिरवा थर हा तांब्याचा साबण आहे. पितळेतलं तांबं आणि चरबीतून सुटलेली आम्लं ओलाव्यात एकत्र आली की असा हिरवा मेणचट पदार्थ होतो. तो पितळ खातो, आणि तांबं स्वतः तेलाच्या बिघाडाला वेग देतं, म्हणून रिव्हेटच्या भोवतीचं चामडं बाकीच्यापेक्षा आधी काळपट आणि ठिसूळ होतं. लोखंडी रिव्हेट असतील तर भोवती शाईसारखा काळा डाग दिसेल. लोखंड आणि सालीतलं टॅनिन यांची जुनी शाई अशीच बनत असे. तो डाग निघत नाही.

हिरवा थर काढायला बांबूची टोकदार काडी घ्या, धातूची सुई नको. बकल आणि चामडं यांच्यामध्ये पारदर्शक प्लास्टिक शीटचा तुकडा सरकवा. थर काडीनं उचला, उरलेला भाग टर्पेंटाइनच्या जवळजवळ कोरड्या बोळ्यानं पुसा आणि लगेच कोरडा बोळा फिरवा. चिंच, आमसूल, बिमली, पितळ उजळायची पावडर यांतलं काहीही बकल चामड्यावर असताना लावू नका. देव्हाऱ्यातल्या समईला ते चालतं, कारण तिथे नंतर भरपूर पाण्यानं धुता येतं. इथे आम्ल शिवणीत शिरेल आणि तिथेच राहील. बकल पिवळंधमक व्हायला हवं हा आग्रह सोडा. हिरवा थर निघाला, मूळ तपकिरी झाक राहिली, की पुरे.

यानंतर एक तपासणी करा, जिच्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. बॅगेच्या कडेवरून कोरडं बोट हलकेच फिरवा. बोटाला विटकरी-लाल भुगा लागला आणि त्याच जागी लावलेला पाण्याचा सूक्ष्म थेंब क्षणात आत जाऊन काळा डाग पडला, तर चामड्याला लाल कुज लागली आहे. साल-कमावणीच्या चामड्यात हवेतल्या गंधकाच्या वायूंपासून आम्ल साठत गेलं की ही अवस्था येते. अशा चामड्यावर तेलाचा काहीही उपयोग नाही. तेल आम्ल मारत नाही, भुगा झालेले तंतू जोडत नाही, फक्त रंग काळा करतं आणि पुढच्या उपचाराची वाट बंद करतं. तिथे सुटे तंतू धरून ठेवणारं हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज लागतं, ज्याला या कामात क्लुसेल जी म्हणतात. १०० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल ढवळत ठेवून त्यात २ ग्रॅम पूड हळूहळू भुरभुरवायची, रात्रभर ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी मऊ ब्रशनं पातळ हात द्यायचा. सुकल्यावर भुगा लागत असेल तर दुसरा हात. आधी लपलेल्या कोपऱ्यावर करून पाहा, काही चामडी यानं गडद होतात. कुज खोल असेल, शिवण सुटत असेल, तर हे घरी न करता संवर्धनाचं काम करणाऱ्याकडे न्या.

भुगा लागला नाही आणि चामडं वाकवल्यावर नुसतं ताठ वाटलं, तर ताठपणाचं कारण शोधा. 'चामडं सुकलं, तेल हवं' हे समीकरण गोव्यात क्वचितच खरं असतं. साल-कमावणीच्या चामड्याची लवचिकता मोठ्या प्रमाणात त्यातल्या पाण्यावर असते, साधारण वजनाच्या १२ ते १६ टक्के. आपल्याकडे जुलैत हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असते, तेव्हा चामडं तहानलेलं असूच शकत नाही. ताठपणा बहुधा सुकलेल्या माशाच्या तेलाचा असतो, किंवा कधीतरी भिजून उन्हात वाळल्यानं तंतू एकमेकांना चिकटल्याचा. दोन्हींवर नव्या तेलाचा इलाज नाही. माळ्यावर मंगळुरी कौलांखाली एप्रिल-मेमध्ये किती तापतं हे तुम्हाला माहीत आहेच. दर दहा अंशांनी असे बिघाड ढोबळमानानं दुपटीनं वाढतात, म्हणजे माळ्यावरचं एक वर्ष खालच्या खोलीतल्या दोन-तीन वर्षांइतकं पडतं.

तेल कधी लावावं? जी वस्तू रोज वाकणार आहे, उदाहरणार्थ तुम्ही ती बॅग खरोखर खांद्याला लावणार असाल, आणि चामडं वरच्या सगळ्या तपासण्यांतून पार पडलं असेल, तेव्हाच. मग नीट्सफूटचा विचार होऊ शकतो. ते गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढतात. त्यात ओलेइक आम्ल भरपूर, म्हणून ते पातळ राहतं, फारसा फुलोरा देत नाही आणि माशाच्या तेलासारखं लवकर सुकत नाही. मात्र हे गुरांचं तेल आहे, घरात चालत नसेल तर आणूच नका. पर्याय म्हणजे निर्जल लॅनोलिन, मेंढीच्या लोकरीचं मेण. ते ४० अंशांच्या जवळ मऊ होतं, हळू बिघडतं, पण दमट हवेत चिकट राहतं आणि धूळ धरतं. नीट्सफूटची बाटली घेताना 'शुद्ध' आणि 'कंपाउंड' यांतला फरक पाहा. दुसऱ्यात खनिज तेल मिसळलेलं असतं.

मात्रेत सगळा फरक आहे. लावायच्या भागाचं वजन करा, आणि त्याच्या शंभरात दोन-तीन भागांपुढे जाऊ नका. १०० ग्रॅमच्या पट्ट्याला २ ते ३ ग्रॅम, म्हणजे जेमतेम अर्धा चहाचा चमचा. तो सुती कापडावर पसरून आतल्या, खरबरीत बाजूनं लावा, दोन दिवस थांबा, वरून कोरड्या कापडानं पुसा. मग वर्षानुवर्षं पुन्हा लावायचं नाही. विसाव्या शतकात संग्रहालयांतही चामड्याला ठरावीक काळानं मलम लावायची पद्धत होती. ब्रिटिश म्युझियमच्या नावानं ओळखलं जाणारं मलम तर जगभर वापरलं गेलं: लॅनोलिन, मधमाशांचं मेण, देवदाराचं तेल आणि हेक्सेन. पुढे लक्षात आलं की त्यानं कुज थांबत नाही, पण चिकटा, काळेपणा आणि फुलोरा वाढतो, आणि ती नेमाची पद्धत मागे पडली. हेक्सेन अतिशय ज्वालाग्राही आहे, तेव्हा जुनी कृती हाती लागली तरी घरी करू नका.

मामांच्या खोबरेलाविषयी: ते वनस्पतीचं असलं तरी तुपाच्याच बाजूचं आहे. सुकत नाही, तंतूंना बांधत नाही, सुटलेलं लॉरिक आम्ल ४४ अंशांखाली घट्ट होऊन पांढरा थर देऊ शकतं. केसांना ठीक, बॅगेला नको.

ज्या फडक्यांनी तुम्ही माशाचं जुनं तेल पुसाल ती चुरगाळून डब्यात टाकू नका. सुकणारी तेलं ऑक्सिजन घेताना उष्णता सोडतात. पसरलेल्या फडक्यात ती निघून जाते, चुरगाळलेल्यात साठते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. कॉड लिव्हर त्याच जातीचं तेल आहे, टर्पेंटाइन लागलेली फडकीही बंद डब्यात ठेवायची नसतात. फडकी बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

आता ठेवायचं कसं. बॅग माळ्यावर परत नको. भिंतीला न टेकणाऱ्या कपाटात, मधल्या फळीवर ठेवा. आत धुतलेल्या मांजरपाटाचे बोळे घाला, म्हणजे घडीवर तडा जाणार नाही. वर्तमानपत्र नको, त्याचं आम्ल उतरतं. वर मांजरपाटाचीच पिशवी, प्लास्टिकची नको. एक साधं आर्द्रतामापक आत ठेवा आणि आकडा ४५ ते ६० मध्ये राहील असं पाहा. ६५ च्या वर काही दिवस राहिला की बुरशी धरते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघड्या कपाटात हे जमत नाही. त्या चार महिन्यांसाठी घट्ट झाकणाचा ५० लिटरचा डबा घ्या, त्यात अर्धा किलो सिलिका जेल कापडी पुड्यांत, चामड्याला न लागेल असं ठेवा. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवून गार करून परत. आकडा ४५ च्या खाली जाऊ लागला तर काही पुड्या काढून घ्या, अति कोरडेपणानंही चामडं ताठ होतं. कपाटात बल्ब जळता ठेवायची आपल्याकडची जुनी युक्ती तत्त्वानं बरोबर आहे, हवा तापली की आर्द्रता उतरते. पण बॅग बल्बजवळ असेल तर तेवढाच भाग भाजतो, आणि हल्लीचे एलईडी दिवे पुरेसे तापतच नाहीत. डांबराच्या गोळ्या आणि कापूर टाळा, त्यांची वाफ चरबीत मुरते आणि वास वर्षानुवर्षं जात नाही.

घुमटाचं सोपं आहे. त्याच्या रुंद तोंडावरचं कातडं कमावलेलं नसतं, कच्चं असतं. तेलाचा थेंबही लावू नका. तेल तंतूंमध्ये शिरलं की ताण जातो आणि नाद बसतो, आणि तो पुन्हा आणता येत नाही. पावसात कातडं सैल पडतं ते ओलाव्यानं. वाजवण्याआधी हलकी ऊब देण्याची रीत त्यासाठीच आहे, तेवढीच पुरे. कातडं घोरपडीचं असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोरपडीला कडक संरक्षण आहे. असं जुनं घुमट विकू नका, दुरुस्तीला कुठे पाठवण्याआधी वन खात्याला विचारा, आणि बदलायची वेळ आली तर बकरीचं कातडं चढवा.

काठीची मूठ कोरड्या मऊ कापडानं पुसा. शिंग हे केसांसारख्याच केराटिनचं, थरांथरांचं असतं. तेल त्यात मुरत नाही, थरांच्या भेगांत बसून राहतं आणि किड्यांना खुणावतं. बारीक भोकं किंवा खालच्या बाजूला बारीक भुसा दिसला तर काठी लगेच बॅगेपासून दूर, वेगळ्या बंद पिशवीत ठेवा. चामडं, शिंग, लोकर खाणारे किडे एका वस्तूवरून दुसरीवर जातात.

चमच्याची तपासणी आणि बोटाचा भुगा, या दोन्हींचं काय निघालं ते बॅगेच्या कोणत्या भागावर निघालं यासह लिहा. पट्ट्याच्या कापलेल्या कडेचा जवळून घेतलेला फोटोही टाका. त्यावरून पट्ट्याला हात लावायचा की तसाच ठेवायचा हे नक्की सांगता येईल.